न्यायमूर्ति रानडे : त्यांचें कार्य व त्यांचा हृदयविकार

विद्यार्थी मित्रहो, न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें नांव तुम्हांस पाठ्यपुस्तकांतून परिचित आहे. विद्वान् न्यायाधीश, समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ व इतिहासकार या नात्यांनीं त्यांची कीर्ति सर्वत्र आहे. परंतु हा थोर पुरुष कोणत्या दुखण्यानें, आणि वयाची साठीहि न गांठतां, आपल्यांतून निघून गेला हें फार थोड्यांस ठाऊक असतें. तें दुखणें म्हणजे हृदयविकार. आज तोच विकार आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील शहरांत, तसाच खेड्यापाड्यांतहि आढळतो, आणि पुष्कळदां कर्त्या माणसास ध्यानींमनीं नसतां घेऊन जातो. म्हणून माधवरावांच्या चरित्राचें स्मरण करितांना या बाजूकडेहि पाहावें, आणि हा अंक घरीं नेल्यावर तुमच्या आईवडिलांनींहि हीं चार पानें वाचावीं, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

माधवरावांचा जन्म नाशिक जिल्ह्यांतील निफाड या गांवीं १८ जानेवारी १८४२ रोजीं झाला. वडील गोविंदराव हे पुढें कोल्हापूर संस्थानच्या नोकरींत गेले, आणि मुलाचें बालपण कोल्हापुरांतच गेलें. लहानपणची त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. कुटुंबांतील मंडळी रात्रीच्या वेळीं बैलगाडींतून प्रवास करीत असतां अडीच वर्षांचा माधव झोपेंत गाडीबाहेर पडला. गाडी पुढें निघून गेली. गाडींतल्या कोणाच्याच हें ध्यानांत आलें नाहीं. सुदैवानें मागून घोड्यावर बसून त्याचे काका येत होते. त्यांना पोराची हांक ऐकूं आली व त्यांनीं त्यास उचलून घेतलें. त्या रात्रीं काका थोडे पुढें असते, तर महाराष्ट्राचा पुढील साठ वर्षांचा इतिहास निराळाच लिहावा लागला असता.

शाळेंत माधव अबोल व मंद दिसे. पण पुढें मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांत गेल्यावर त्याच्या बुद्धीचें तेज प्रकट झालें. मुंबई विश्वविद्यालयाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली. तींत उत्तीर्ण झालेल्या एकवीस विद्यार्थ्यांत ते होते. १८६२ सालीं ते बी. ए. झाले, त्यानंतर एम. ए. व एल्‌एल्. बी. या परीक्षाहि त्यांनीं दिल्या. या काळांत त्यांनीं वाचन किती केलें याला सुमार नाहीं. परंतु त्याची किंमतहि त्यांना द्यावी लागली. अति वाचनानें डोळे बिघडले, ते जन्मभर अधू राहिले, आणि पुढें बरेंचसें वाचन दुसऱ्याच्या मुखानें ऐकून करावें लागलें. शरीर हें मनाचें वाहन आहे, त्याला कांहीं मर्यादा आहेत, ही गोष्ट तरुणपणींच त्यांच्या अनुभवास आली होती. पण देशकार्याची ओढ अशी होती कीं, पुढें तिच्यापुढें ही जाणीव वारंवार मागें पडली.

शिक्षण संपल्यावर त्यांनीं कांहीं काळ अध्यापन केलें. मध्यंतरीं अक्कलकोट संस्थानांत, म्हणजे आपल्या नळदुर्ग-तुळजापूरच्या शेजारींच, त्यांनीं कारभाऱ्याचें काम पाहिलें, व कोल्हापुरास न्यायाधीशाचेंहि काम केलें. १८७१ सालीं ते पुण्यास न्यायखात्यांत आले आणि तेव्हांपासून पुणें शहराच्या सार्वजनिक जीवनाचे ते प्राण बनले. सार्वजनिक सभा त्यांच्या आधींच, १८७० सालीं, गणेश वासुदेव जोशी यांनीं स्थापिली होती. तिला विचारांचें बळ माधवरावांनीं दिलें. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळांत सभेनें खेड्यापाड्यांतील हालअपेष्टांची माहिती गोळा करून सरकारपुढें मांडली, त्यामागें त्यांचीच प्रेरणा होती. सावकारी पाशांत सांपडलेल्या शेतकऱ्यांसाठीं १८७९ सालीं कायदा झाला. पुणें, सातारा, अहमदनगर व सोलापूर या जिल्ह्यांत तो लागू होता, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठीं माधवरावांनीं वर्षेंच्या वर्षें गांवोगांव फिरती केली. १८८४ सालीं पुण्यास मुलींची हायस्कूल निघाली, १८८७ पासून सामाजिक परिषद भरूं लागली, १८९० सालीं औद्योगिक परिषद झाली. यांतील प्रत्येक कामाच्या मुळाशीं त्यांचा हात होता. १८९३ सालीं ते मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, व १९०० सालीं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाविषयींचा त्यांचा इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाला.

या सर्व खटाटोपांत मनाला शांतता कितीशी मिळाली असेल? १८७३ सालीं प्रथम पत्नी वारल्यावर सुधारकांनीं त्यांच्याकडून विधवाविवाहाची अपेक्षा केली. वडिलांच्या आग्रहामुळें त्यांनीं अकरा वर्षांच्या रमाबाईंशीं लग्न केलें, आणि मित्रांचे कठोर बोल सोसले. १८९० सालीं पुण्यांतील पंचहौद मिशनमध्यें मंडळी जमली असतां चहा घेण्यावरून मोठें ग्रामण्य माजलें. त्यांत स्नेह्यांची व घरच्यांची कुचंबणा पाहून माधवरावांनीं अखेर प्रायश्चित्त घेतलें. तेव्हां सनातनी व सुधारक या दोन्ही बाजूंनीं त्यांच्यावर टीका झाली. ते उलटून कोणास बोलत नसत. मनांत येईल तें मनांतच गिळण्याचा त्यांचा स्वभाव होता. सहनशीलतेचा हा गुण वंदनीय खरा. पण त्याचा भार कोठेंतरी पडतच असतो.

आतां त्यांच्या राहणीकडे पाहूं. हृदयविकार हा केवळ खादाड व आळशी माणसांचा रोग, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. माधवरावांचें उदाहरण तिला छेद देतें. त्यांचें जेवण मोजकें असे. आंबा कितीहि गोड असला तरी एकदोन फोडी खाऊन ते हात आंवरीत, व जिभेस ताब्यांत ठेवण्याचा धडा पत्नीला स्वतःच्या उदाहरणानें देत. फिरावयास जाण्याचाहि त्यांचा परिपाठ होता. तरीहि शेवटच्या काळांत रात्रीं छातींत पेटके येऊं लागले. दिवसभर कोर्टाचें काम व्हावें, घरीं ग्रंथ, पत्रें व सभांचा व्याप असावा, आणि रात्रीं निजावयाच्या सुमारास ही कळ उठावी. रमाबाई उशापायथ्याशीं बसून शेक देत, चोळीत व रात्र काढीत. पत्नीला काळजी लागूं नये म्हणून माधवराव दुखण्याचा गंभीरपणा होतां होईल तों झांकीत. पण तिच्या नजरेंतून तें सुटलें नाहीं.

१९०० सालच्या डिसेंबरांत लाहोर येथें सामाजिक परिषद भरावयाची होती. परिषदेच्या प्रारंभापासून तिला हजर राहण्याचा माधवरावांचा नेम होता. प्रवासाची तयारीहि झाली होती. परंतु दुखण्यानें जोर केला व डॉक्टरांनीं प्रवासास मनाई केली. आपलें लिहिलेलें भाषण त्यांनीं आपले शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांच्याबरोबर पाठविलें आणि लाहोरांत तें गोखल्यांनीं वाचून दाखविलें. नेम मोडला याचें दुःख त्यांना दुखण्याहून अधिक झालें. जानेवारींत त्यांनीं सहा महिन्यांची रजा घेतली. पण ती विश्रांति नशिबीं नव्हती. १६ जानेवारी १९०१ रोजीं संध्याकाळपर्यंत नित्याचीं कामें चाललीं होतीं. रात्रीं पुन्हां कळ आली, आणि थोड्याच वेळांत, रमाबाई जवळ असतां, त्यांची प्राणज्योत मालवली. एकोणसाठावें वर्ष पुरें व्हावयास अवघे दोन दिवस उरले होते.

त्या काळच्या डॉक्टरांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. हृदयशूलाचें वर्णन इंग्लंडांत हेबर्डन यांनीं १७६८ सालींच केलें होतें, व त्यावर कळ शमविणारीं एकदोन औषधेंहि १८६७ व १८७९ सालीं उपयोगांत आलीं होतीं. पण रोगाचें मूळ अंधारांतच होतें. दंडास पट्टा बांधून रक्ताचा दाब मोजण्याचें रिव्हा-रोच्ची यांचें साधन इटलींत १८९६ सालीं निघालें. हृदयाच्या विद्युल्लहरींचा आलेख काढणारें आइंथोव्हेन यांचें यंत्र माधवरावांच्या मृत्यूनंतर आलें. हृदयाच्या रक्तवाहिनींत गुठळी अडकल्यानें झटका येतो, आणि तरीहि रोगी जगूं शकतो, ही गोष्ट अमेरिकेंत हेरिक यांनीं १९१२ सालीं दाखवून दिली. म्हणून माधवरावांचा रक्तदाब किती होता, रक्तांत साखर वा चरबी किती होती, हें आज कोणीहि सांगूं शकणार नाहीं. आपल्याला मात्र आपलें सांगतां येतें, आणि हाच त्यांच्या व आपल्या काळांतील मोठा फरक आहे.

हृदय ही मुठीएवढी मांसल पिशवी आहे. ती दिवसांतून सुमारें एक लाख वेळां आकुंचन पावते व सर्व शरीरास रक्त पुरविते. पण खुद्द तिच्या स्नायूंनाहि रक्त लागतें, आणि तें पुरविणाऱ्या रक्तवाहिन्या तिच्या पृष्ठभागावरून जातात. आपल्या विहिरीवरील मोटेच्या पाटाचें उदाहरण घ्या. पाटांत वर्षानुवर्षें गाळ सांचत गेला, तर पाणी कमी कमी होतें. पिकास ताण बसतो, पण पीक जगतें. तसाच रक्तवाहिनीच्या आंतल्या भिंतींत चरबीचा थर सांचतो. चढण चढतांना, ओझें उचलतांना किंवा राग आला असतां हृदयास अधिक रक्त हवें असतें, तें मिळत नाहीं, आणि छातींत कळ येते. हा हृदयशूल. पुढें एखादे दिवशीं तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, व पाट एकदम बंद पडतो. मग त्या पाटावरील स्नायु मरूं लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. जितका वेळ जाईल तितका स्नायु अधिक मरतो. म्हणून येथें प्रत्येक मिनिटास मोल आहे.

हा गाळ कशानें सांचतो? २००४ सालीं ५२ देशांतील रोग्यांची तपासणी करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसून आलें कीं, झटक्याचा बहुतेक धोका नऊच गोष्टींत सांपडतो : तंबाखू, रक्तांतील सदोष चरबी, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, पोटावरील लठ्ठपणा, मनाचा ताण, फळें व भाज्या न खाणें, व्यायामाचा अभाव आणि मद्याविषयींची संवय. आपल्या भारतखंडांतील लोकांस पहिला झटका इतर देशांच्या मानानें पांचसहा वर्षें आधींच येतो, असेंहि त्यांत आढळलें. वय व आनुवंशिकता आपल्या हातीं नाहींत. परंतु वरील नऊ गोष्टी पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहेत. आपल्याकडे विडी ओढणारा तेवढा व्यसनी समजला जातो. पण चुना लावून तळहातावर मळलेली तंबाखू, गुटखा, आणि घरोघर दांतांस लावली जाणारी मिश्री हीं सर्व एकाच विषाचीं रूपें आहेत. पालकांनीं ही गोष्ट मनावर घ्यावी. मुलाच्या हातीं तंबाखूची पुडी आणावयास पैसे देणारा बाप त्याला त्याच वाटेवर लावीत असतो.

या संबंधांत माधवरावांच्या शिष्याचीहि कथा सांगितली पाहिजे, कारण गुरूप्रमाणें शिष्यहि हृदयाच्याच दुखण्यानें गेला. गोपाळराव गोखले यांचा जन्म १८६६ सालचा. वडील लवकर वारले. थोरले भाऊ गोविंदराव पंधरा रुपये पगारावर नोकरी करून त्यांतील आठ रुपये गोपाळाच्या शिक्षणास पाठवीत. अशा गरिबींतून शिकून ते शिक्षक व प्राध्यापक झाले, आणि माधवरावांच्या हाताखालीं देशसेवेचे धडे गिरवूं लागले. १८९७ सालीं विलायतेस जातांना कॅले येथें झालेल्या अपघातांत त्यांच्या छातीस व हृदयास इजा झाली. सोबत्यांची गैरसोय होऊं नये म्हणून त्यांनीं तें दुखणें लपविलें. लंडनास पोंचल्यावर तें जिवावर बेतल्याचें उघड झालें. पुढें मधुमेहहि जडला. १९०२ सालच्या आरंभीं महात्मा गांधी कलकत्त्यास महिनाभर गोखल्यांकडे राहिले होते. तेव्हां गोपाळराव मुळींच चालत नाहींत, सारखे गाडींतून जातात व कामांत बुडालेले असतात, हें पाहून गांधीजींनीं त्यांना व्यायामाविषयीं प्रेमानें टोंकलें. गोखल्यांना तें पटत होतें, पण वेळ सांपडत नव्हता. दहा वर्षांनीं दक्षिण आफ्रिकेंत टॉल्स्टॉय फार्मवर ते आजारी असतांहि स्टेशनापासून पायीं गेले, पावसांत भिजले, आणि इतर मंडळी जमिनीवर निजतात असें कळल्यावर आपल्यासाठीं आणलेली खाट त्यांनीं काढावयास लाविली. १९१५ च्या फेब्रुवारींत पुण्यास गांधीजींच्या सत्कारप्रसंगीं त्यांना घेरी आली. आणि १९ फेब्रुवारीस ते वारले. वय अवघें अठ्ठेचाळीस. मधुमेहावरील इन्सुलिनचा पहिला उपयोग १९२२ सालच्या जानेवारींत टोरोंटो येथें झाला; गोखल्यांना तें औषध सात वर्षांनीं उशिरा आलें.

गुरुशिष्यांच्या या दोन कथांत एक गोष्ट समान आहे. दोघांनींहि स्वतःचें दुखणें लपविलें. त्यांनीं तें दुसऱ्यांस त्रास होऊं नये म्हणून लपविलें. आपल्यांतले पुष्कळजण तें अज्ञानानें किंवा संकोचानें लपवितात. छातींत दाब आला कीं पित्त झालें, वायु धरला, असें म्हणून सोडा किंवा लिंबूपाणी घ्यावयाचें आणि सकाळपर्यंत वाट पाहावयाची, हा आपल्या खेड्यांतील नित्याचा अनुभव आहे. पेरणीचे दिवस असले म्हणजे तर शेतकरी दुखणें सांगतच नाहीं. आणि घरांतील बायका तर कधींच सांगत नाहींत. म्हणून पुढील खुणा प्रत्येकानें ध्यानांत ठेवाव्या : छातीच्या मध्यभागीं दाबल्यासारखें, आवळल्यासारखें किंवा जळल्यासारखें होणें, ती वेदना डाव्या खांद्यांत, हातांत, जबड्यांत अगर पाठींत जाणें, थंड घाम सुटणें, दम लागणें, ओकारी येणें, घेरी येणें. स्त्रियांस, वृद्धांस व मधुमेही माणसांस छातीची कळ मुळींच न येतां नुसता दम लागूं शकतो किंवा विलक्षण थकवा वाटूं शकतो.

अशा वेळीं रोग्यास चालवूं नये, मोटारसायकलवर मधें बसवून नेऊं नये. त्यास टेंकून बसवावें, कपडे सैल करावे व तत्काळ १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिकेसाठीं फोन करावा. महाराष्ट्रांत ही सेवा २०१४ पासून सुरू आहे. रुग्णालयांत हृदयाचा आलेख काढून निदान होतें, गुठळी विरघळविणारें औषध देतां येतें, आणि १९७७ पासून प्रचारांत आलेल्या फुग्याच्या उपचारानें बंद वाहिनी उघडतांहि येते. पण हे उपाय पहिल्या कांहीं तासांतच खरे फळ देतात. रोगी बेशुद्ध पडून त्याचा श्वास थांबला, तर त्यास पाठीवर निजवून छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटास शंभर ते एकशेंवीस या वेगानें, सुमारें दोन इंच खोल, मदत येईपर्यंत दाबत राहावें. वरच्या वर्गांतील कोणत्याहि सशक्त विद्यार्थ्यास हें शिकतां येईल, आणि तें त्यानें शिकावें. चाळिशी ओलांडलेल्या पालकांनीं तर वर्षांतून एकदां रक्तदाब व रक्तांतील साखर तपासून घ्यावी. पुण्यामुंबईस जाण्याची त्यासाठीं गरज नाहीं. प्राथमिक आरोग्य केंद्रांतहि हें काम होतें.

शेवटीं रमाबाईंविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. अकराव्या वर्षीं घरांत आलेल्या त्या निरक्षर मुलीस माधवरावांनीं स्वतः शिकविलें होतें. पतीच्या मृत्यूनें त्या कांहीं काळ खचल्या. पण जिनें रात्ररात्र उशाशीं बसून त्या दुखण्याशीं झुंज दिली, ती पुढें स्वस्थ बसली नाहीं. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन स्थापन झालें. त्यांच्या नेतृत्वाखालीं तेथें अनाथ व विधवा स्त्रियांस शिक्षण मिळालें आणि कित्येकजणी रुग्णसेवेचें शास्त्र शिकून परिचारिका झाल्या. त्या काळीं प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनीं हा धंदा करणें कमीपणाचें समजलें जाई. तो कमीपणा रमाबाईंनीं धुऊन काढला. १९१० सालीं त्यांचें आठवणींचें पुस्तक प्रसिद्ध झालें, व त्यास गोखल्यांचीच प्रस्तावना होती. १९२४ सालीं त्या वारल्या.

विद्यार्थी मित्रहो, माधवरावांपाशीं कमी होता तो वेळ, आणि त्यांच्या वैद्यांपाशीं कमी होतें तें ज्ञान. ज्ञान आतां आपल्यापाशीं आहे. त्याचा वेळेवर उपयोग करणें एवढेंच उरलें आहे. आज घरीं गेल्यावर वडिलांना व आजोबांना त्यांचा रक्तदाब शेवटीं कधीं तपासला होता तें विचारा, आणि आईलाहि विचारावयास विसरूं नका. त्यांनीं उत्तर टाळलें, तर पुढच्या बाजारच्या दिवशीं त्यांच्याबरोबर आरोग्य केंद्रापर्यंत स्वतः चालत जा. रानड्यांच्या चरित्राचा हा धडा एवढ्या एका कृतीनेंहि कृतींत उतरेल.